गोठ्याच्या दारातलं सूलग्लोट

प्रिय तोर्लाइफ,

परवा तुला रेडिओवर ऐकलं. सगळ्या गावानंच ऐकलं म्हण, कारण तुझं नाव निघताच शेजारच्या ओसहिल्डने आवाज इतका वाढवला की मांजर पळालं. ढगाआडून डोकावणाऱ्या उन्हाला आपण सूलग्लोट म्हणतो, त्याचं मूळ तू छान उलगडलंस: दार किलकिलं ठेवण्याचा जो शब्द, ग्लोट, तोच त्यात आहे. इथवर ठीक. पण पुढे "आमच्या वडिलांची यावर एक गमतीदार समजूत आहे" म्हणून हसायचं काय नडलं होतं? बाबा तिथेच बसले होते. कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणाले, "शब्दकोशाच्या नोकरीला लागला आणि गोठा विसरला." मग दिवसभर माझ्यावर खेकसत राहिले. भोगायचं कोणी? मी.

हिवाळ्यात दोन महिने न उगवलेला सूर्य परतायचा, त्या दिवशी आजी गोठ्याचं दार थोडंसंच उघडायची, अंधाराला सरावलेल्या गायी एकदम बुजू नयेत म्हणून. जमिनीवर पडायची ती उन्हाची पट्टी म्हणजे सूलग्लोट, शब्द तिथूनच निघाला, हा बाबांचा हेका. नसेल निघाला! मलाही पटत नाही. पण त्या पट्टीत आधी पाय कोण ठेवणार म्हणून आपण एकमेकांच्या झिंज्या उपटायचो, तीही समजूतच का? तुझा इतका राग आलाय की काय सांगू. फोन करावा तर साहेब कायम बैठकीत.

आता बाबा जे सांगू देत नाहीत ते सांगते. त्यांना माणसं दिसत नाहीत. उजेड तेवढा कळतो, आणि डॉक्टर म्हणतात, पुढच्या हिवाळ्यापर्यंत तोही जाईल. गेल्या वर्षी सूर्य आला तेव्हा ते रिकाम्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. "दार उघड गं, थोडंच." उघडलं. फ्योर्डच्या खाडीवरून असा वारा सुटला की दार सोडलं असतं तर त्यांच्याच अंगावर आपटलं असतं. इकडे बाबा हात पुढे करून त्या पट्टीकडे निघाले आणि घसरून पडले. मी दार धरून नुसती ओरडत राहिले. यंदाही जाणारच म्हणतात. कधी ऐकलंय कोणाचं? एकवीस तारखेला सूर्य येतोय. शब्दाचं मूळ तुझंच खरं, हवं तर लिहून देते. पण तू ये. दार धरायला एक माणूस लागतं, बाबांना धरायला एक, आणि इथे मी एकटीच आहे.

तुझीच, वैतागलेली बहीण,
गुनवोर