ओहोटीआधी सत्कार

४ जानेवारी
सायलीची निवड झाली! कोकणात शिडाच्या जहाजावर एक दिवस समुद्र शिकायचा. ओहोटीला बेटाचे खडक उघडे पडतात, तिथले तारामासे, खेकडे शोधून जहाजवाल्या संस्थेच्या मॅडमना दाखवायचे. जमलं तर पोरीच्या पुढच्या सगळ्या शिक्षणाचा खर्च संस्था करणार. अख्ख्या वरवंडातून एकटी. शेवटी रक्त माजी उपसरपंचाचं.
सोबत एक पालक चालतो. सायली म्हणाली, आप्पा, आईला येऊ द्या ना. मी म्हटलं, तिला स्टेजची सवय नाही.
संकल्प: जहाजावर कमी बोलायचं.

९ जानेवारी
जहाजवाल्यांनी सत्काराचा कार्यक्रमच ठेवलेला नाही. फोन करून खात्री केली. शेवटी फेटे, शाली, नारळ मीच घेतले. सुरेखा म्हणाली, अहो, पोरीचा दिस हाय, तिला करू द्या की. करू देणारच आहे. आधी फक्त प्रास्ताविक.

१२ जानेवारी, सकाळ, जहाजावर
उलटी झालेली नाही. विहिरीत सूर मारणाऱ्याला समुद्राचं काय?
(झाली. नाश्ता शिळा असणार.)
मॅडम म्हणतात लवकर खडकावर उतरू, पाणी भरेल. मी म्हटलं, पाहुण्यांच्या सत्काराशिवाय आमच्याकडे बोअरवेलचं बटणसुद्धा दाबत नाहीत.

संध्याकाळ
कार्यक्रम जोरात. कॅप्टनपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना फेटे बांधले. वाऱ्यात फेटा बसेना, त्यात वेळ गेला. मग भाषण. गावच्या पाणी योजनेपासून सुरुवात करून समुद्रापर्यंत आणलं. सायली बादली धरून कठड्याशी उभी. मध्येच ओरडली, आप्पा, बास करा ना, पाणी चढतंय! टाळ्यांची जागाच घालवली.
आभारप्रदर्शन होईपर्यंत खडक बुडाले. मॅडम म्हणाल्या, आता काही होणार नाही. नियोजन ढिसाळ. ओहोटी जेवणानंतर ठेवावी, अशी सूचना केली.
सायली घरापर्यंत बोलली नाही. गाडी लागली असावी.

२० जानेवारी
सायली अजून बोलत नाही. बारावीचं टेन्शन.

३ फेब्रुवारी
शेजारच्या भिमाजीकडून कळलं, मॅडमनी सायलीला परत बोलावलंय. घरात मला कोणी सांगितलं नाही. सरप्राइज असणार! फेटे इस्त्रीला टाकले. या खेपेला भाषण छोटं. शपथ.

१० फेब्रुवारी, सकाळ
उठलो तर घरात कोणी नाही. भिमाजी म्हणाला, त्या दोघी काल रातच्यालाच कोकणात गेल्या की, तुमाला ठाव न्हाई व्हय? गडबडीत मला उठवायचं राहिलं असेल.

संध्याकाळ
मॅडमना फोन लावला. म्हटलं, सायलीचे वडील बोलतोय, काय झालं? त्यांनी दोनदा विचारलं, कोण वडील? मग म्हणाल्या, सायलीची शिक्षणासाठी निवड पक्की झाली. पण ती तर म्हणाली होती, आप्पा गेल्या महिन्यात वारले. आम्ही सकाळी डेकवर उभं राहून शांतता पाळली. सुरेखाने तोंडाला पदर लावला होता म्हणे.
मी विचारलं, श्रद्धांजलीचं भाषण कोणी केलं?
म्हणाल्या, कोणीच नाही. सायलीच म्हणाली, भाषण नको, ओहोटी चुकेल.