पत्र्याच्या खोलीतली पानं

युसूफ वडगाव,
शुक्रवार, दुपार

प्रिय पंचशीला,

जय भीम. परवाच फोनवर एवढं बोललो आणि आज माझं पत्र, याचं तुला नवल वाटेल. फोनवर माझा आवाज जरा उतरला की तू लगेच धीर द्यायला लागतेस आणि माझं सांगायचं तसंच राहतं. या वेळी तू मध्ये बोलू नयेस म्हणून लिहिते आहे. पूर्ण वाच, मग रागव.

अब्बांचे गुडघे कुरकुरतात, तरी ट्रॅक्टरखाली शिरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांच्या गॅरेजमागची पत्र्याची खोली आता माझ्या ताब्यात आहे. तू नाशिकला गेलीस तेव्हा माझं काम नुकतं रांगत होतं, म्हणून जरा नीट सांगते. शेडनेटमधल्या काकडीवर, ढोबळी मिरचीवर लाल कोळी पडतो. पानाच्या पाठीला बसून रस शोषतो, बारीक जाळी करतो, आणि बघता बघता पान पितळेच्या रंगाचं होऊन वाळतं. आपल्याकडे लोकांनी त्याच्यावर इतकी औषधं मारली की आता तो औषधाला जुमानत नाही. मी पाळते तो त्याला खाणारा कोळी. आम्ही त्याला मित्रकोळी म्हणतो. टाचणीच्या टोकाएवढा, पण भिंगाखाली बघशील तर पानभर नुसता धावत असतो, लाल कोळ्याची अंडी हुडकत. गंमत अशी, की या मित्राला जगवायचं तर आधी शत्रू वाढवावा लागतो, कारण त्याला दुसरं काही चालत नाही. म्हणून पत्र्याच्या खोलीत चवळीच्या रोपांवर मी नुसता लाल कोळी वाढवते, आणि घरामागच्या जाळीच्या खोलीत मित्रकोळी. तिथली पानं कागदी पिशवीत भरून बायकांना देते. त्या ती वेलांवर अडकवतात आणि कोळी आपले आपण कामाला लागतात.

सुरुवातीला गावात माझं नाव ‘किडेवाली’ पडलं होतं. चाँद मिस्त्रीची पोरगी शिकून घरात किडे पाळते, म्हणून लोक हसायचे. तेव्हा माझी पहिली पिशवी तुझ्या आईनं नेली. काकूंनी ना कशाची खात्री मागितली, ना पुरावा. त्या हंगामात त्यांच्या काकडीवर औषधाचा थेंब पडला नाही आणि माल असा निघाला, की केजचा व्यापारी शेतावर चालत आला. मग ताराबाईंनी पानं नेली, त्यांच्या बचत गटातल्या बाकीच्यांनी नेली. आज माझं जे काही नाव आहे, ते काकूंनी त्यांच्या वेलांवर मला उभं राहू दिलं म्हणून.

यंदाच्या उन्हाळ्यात बीडला एका कार्यक्रमात माझा सत्कार होता. तू फोटो बघितलेस, लई भारी दिसतेस म्हणून लिहिलंस. त्या सकाळी काकूंना पिशव्या द्यायच्या होत्या. रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता, अंगावर नवा ड्रेस होता, आणि घरामागं जायचं म्हणजे रोपांना सोडलेल्या पाण्याचा चिखल तुडवायचा होता. पत्र्याच्या खोलीतही एका ट्रेमध्ये मी आदल्या आठवड्यात प्रयोग म्हणून मित्रकोळी सोडले होते. एवढ्यात ते पुरेसे वाढले असतील असं धरून मी त्याच खोलीतली पानं कापली. ट्रे कोणता, हे बघितलं नाही. भिंग गळ्यातच होतं, पण डोळ्याला लावलं नाही. पिशव्या काकूंच्या हातात दिल्या आणि जीपमध्ये बसले. तिकडे स्टेजवर माझ्या खांद्यावर शाल पडत होती, आणि इकडे तुझी आई उन्हात एकेका वेलावर माझ्या हातची कीड अडकवत होती.

पुढे पानांवर पिवळे ठिपके आले. काकू सांगायला आल्या, तेव्हा मी बघायलासुद्धा गेले नाही. कोळ्यांना जम बसवायला वेळ लागतो, फवारणी तेवढी करू नका, असं ठामपणे सांगितलं. त्यांनी ऐकलं. शेजारचे म्हणत होते औषध मार, तरी त्या म्हणत राहिल्या की शाईस्तानं नको सांगितलंय. मी गेले तेव्हा वेल पितळेसारखे झाले होते आणि शेंड्यांना जाळी लोंबत होती. भिंग लावून मी ओळीमागून ओळ बघितली. धावणारा एकही दिसला नाही. मग घरी येऊन पत्र्याची खोली बघितली. मित्रकोळी सोडलेल्या ट्रेची पानं जिथल्या तिथे होती, आणि कापलेले देठ शेजारच्या ट्रेमध्ये होते.

पंचशीला, मी त्याच पावली परत गेले आणि काकूंना सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “हे कुणापशी बोलू नको. आत्ता कुठं बाया तुज्यावर इस्वास ठेवायला लागल्यात. उद्या म्हणतील, पोरीनं कीडच वाटली, अन् एक बी फिरकायची न्हाई. मी सांगते, माजंच ध्यान न्हवतं म्हून.” आणि माझ्यादेखत त्यांनी वेल उपटायला सुरुवात केली. मी रडत होते, पण नको म्हणाले नाही. मला ते हवंच होतं. आज सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते. चूक कुणाच्याही हातून होते. पण त्यांनी ती उचलून आपल्या माथ्यावर घेतली, तेव्हा माझ्या आत कुठेतरी हायसं वाटलं होतं.

काकू सांगत सुटल्या की आपल्याला आता दिसत नाही, पिशव्या उन्हात ठेवल्या, पानं वाळवून मग अडकवली. तुलाही त्यांनी तेच सांगितलं. तू मला फोन करून विचारलंस, आईचं वय झालंय का गं, आणि मी म्हणाले, असेल. हा एक शब्द मला अजून टोचतो.

गेल्या आठवड्यात ताराबाईंच्या ओसरीवर गटाची बैठक होती. पुढच्या हंगामात कुणी काय लावायचं, ते ठरत होतं. ताराबाई सरळ मनाच्या, वाईट हेतूनं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मनकर्णाचे डोळे गेलेत, तिला यंदा यात धरायला नको, सगळ्यांचा माल खराब ठरेल. काकू तिथेच बसल्या होत्या. त्यांनी नुसता पदर सारखा केला. ते माझ्याच्यानं बघवेना. मी उभी राहिले आणि जसं तुला लिहिलं तसं सगळं बोलले, जीपपासून. ताराबाईंनी विचारलं, “मग आमच्या पिशव्यांत काय व्हतं?” प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकीच्या शेडनेटमध्ये भिंग घेऊन फिरले. त्यांच्या पिशव्या जाळीच्या खोलीतल्या होत्या, मित्रकोळी धावताना मी त्यांच्या त्यांना दाखवले. तरी दोघींनी नको म्हणून सांगितलंच. बाकीच्या म्हणाल्या, इथून पुढं पिशवी आमच्यासमोर भिंगाखाली उघडायची. मी हो म्हणाले.

काकू मात्र माझ्याशी बोलत नाहीत. बैठकीतून निघताना एवढंच म्हणाल्या, “तुला कुणी सांगितलं व्हतं बोलायला? माजं केलेलं पाण्यात घातलंस.” त्यानंतर मी रोज त्यांच्या दारावरून जाते. त्या हातातलं काम खाली ठेवत नाहीत.

काल मात्र मी आत शिरले. काकू ठिबकच्या नळ्या गुंडाळून सुतळीनं बांधत होत्या. बाहेर येऊन शेजारणीला विचारलं, तेव्हा मला कळलं, की तू पुढच्या रविवारी त्यांना कायमचं न्यायला येणार आहेस आणि शेडनेट शेजारच्या मोहनरावांना कसायला देणार आहेस. त्यांनी तुला नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणायचं तर माझं नाव सांगावं लागलं असतं. ते अजूनही त्यांच्या तोंडून निघत नाही, सगळ्या गावाला ठाऊक झालं तरी. म्हणून मी लिहिते आहे. पंचशीला, तुझ्या आईला दिसतं. काल त्या बांधत असताना सुतळी संपली, तर त्यांनी दारातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत सुई ओवून फाटका पट्टा शिवला आणि त्यानं नळ्या बांधल्या. पहिल्याच खेपेला ओवली. त्यांना नाशिकला यावंसं वाटत असेल तर जरूर ने, लेक म्हणून तुझा हक्क आहे. पण म्हातारपण आलं म्हणून नेऊ नकोस. ते त्यांच्या माथी मी लावलेलं आहे. रविवारी आलीस की आधी त्यांना विचार, यायचंय का, आणि मी समोर असेन तिथे विचार, म्हणजे त्यांना मला झाकावं लागणार नाही.

म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
शाईस्ता