मुकी वस्ती

साईनगर, अमरावती

प्रिय अपेक्षा,

साईनगरचं हे घर मला कितीला पडलं, असं परवा शेजारच्या नव्या भाडेकरूनं विचारलं. मी रजिस्ट्रीतला आकडा सांगून मोकळा झालो. खरी किंमत सांगितली नाही, कारण ती मी भरलीच नव्हती, तुझ्या आईनं भरली. अंबागेटच्या आत आपल्या दोन खोल्यांसमोरच्या पायरीवर संध्याकाळी बायका जमायच्या. तुरीच्या शेंगा सोलायच्या अन् त्यासोबत सारा मोहल्ला सोलून काढायच्या. इथं आलो तेव्हा अंगण मिळालं, पायरी चकचकीत फरशीची झाली, बसायला मात्र ती एकटी. मग तुझी आई ऑटो करून अंबागेटला भाजी आणायला जाऊ लागली. ज्याची भाजीची अडत, त्याची बायको भाजी आणायला ऑटोनं जाते, म्हणून मार्केटात लोक मला हसायचे. एकदा विचारलं, काहून वं? तर म्हणाली, "तिथची मेथी कवळी रायते." ती मेथी आपल्याच अडतीवरून तिकडं जायची. हे तिलाही माहीत होतं अन् मलाही.

हे आधी लिहायचं कारण, तू आता पुण्यात फ्लॅट घ्यायला निघाली आहेस. रोहितरावांना वाकडलाच हवा, तुम्ही भाड्यानं राहता त्याच सोसायटीत. त्यांचं ऑफिस जवळ, खुशीची शाळा जवळ. तुझं मन कर्वेनगरच्या त्या जुन्या इमारतीवर बसलं. मन बसलं म्हणण्यापेक्षा मी बसवलं. दिवाळीत तुझ्याकडे होतो तेव्हा मीच म्हणालो होतो की वाकडची ही वस्ती मुकी आहे, इथं जन्म काढू नको. तू मेसेजमध्ये लिहिलंस की या महिन्याअखेर कर्वेनगरला टोकन देणार, रोहितराव नाराजीनं का होईना तयार झाले, खुशी शाळा बदलायची म्हणून दोन दिवस जेवली नाही. शेवटी लिहिलंस, "बाबा, तुमच्या कानावर माझा भरवसा आहे." ती ओळ मी पुन्हापुन्हा वाचली.

या कानाची कीर्ती मीच तुम्हा पोरांना सांगत आलो. मोर्शीकडची वडिलांची ओलिताची वाडी भावांमध्ये वाटली गेली अन् मी हातगाडी घेऊन अमरावतीत आलो, तेव्हा माझ्याकडे शिक्षण नव्हतं, ओळख नव्हती. शहराचा नकाशा कुणी हातात दिला नाही. तो मी ऐकून पाठ केला. महापालिकेचे वॉर्ड कागदावर असतात, गाडीवाल्याचे बाईच्या पहिल्या प्रश्नावर ठरतात. अंबागेटच्या आत पहिला प्रश्न, "काय भाव लावला रे?" कॅम्पात बंगल्याच्या फाटकातून, "ताजं आहे ना?" गाडगेनगरला खोल्या करून राहणारी पोरं विचारायची, "काका, दोनच टमाटे द्याल का?" ज्या गल्लीत प्रश्न बदलला, तिथं एक वस्ती संपली अन् दुसरी लागली समजायचं, मग मधात नाला असो की नुसता विजेचा खांब. आपल्या लोकांत ओरडायचं "सांभार", अन् पुण्या-मुंबईकडून बदली होऊन आलेल्यांच्या क्वार्टरांपुढं "कोथिंबीर". जुडी तीच. म्हणून मी छातीठोकपणे सांगायचो की अमरावतीत डोळे बांधून मला कुठंही उभं करा, चार बोलणी कानावर पडू द्या, मी मोहल्ला सांगतो. माणसाचं गावही सांगतो. पैजा लावून जिंकलोय.

अन् एक गोष्ट मी कान उघडे ठेवून शिकलो, ती तुला ठाऊक आहे. माणूस पत्ता विचारतो तो दर वेळी घर सापडावं म्हणून विचारत नाही. तुझी सोयरीक चालू होती तेव्हा रोहितरावांच्या मामांनी चहा पिता पिता विचारलं होतं, "साईनगर म्हणजे नेमकं कुठलं? अन् त्याच्या आधी कुठं होते?" तो दुसरा प्रश्नच खरा होता. तुझी आई आतून पोहे घेऊन आली अन् म्हणाली, "आधी गाडीवर होतो भाऊ." मामा जे हसले, ते आजवर आपले आहेत.

पुण्यात आलो तेव्हा हीच विद्या घेऊन आलो. तू सकाळी कामावर गेलीस की मी बसनं फिरायचो. वारांच्या पेठा पाहिल्या. इतवारा, बुधवारा आपल्याकडंही आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. शनवारात राहणारा माणूस कोण, हे आता शनवार सांगत नाही. नदी ओलांडली की वस्तीचं वय बदलतं. जिथं जुनी गावं होती तिथं आता त्यांच्या नावाचे बस-थांबे उरलेत. इतक्या मोठ्या शहराचं कोडं मला सुटेल असं वाटलं ते कर्वेनगरच्या त्या गल्लीत. तिथं रिक्षा, टेम्पो, पिठाची गिरणी, एकमेकांना हाका मारणारे दुकानदार. कान भरून गेला. म्हटलं, हे आपलं. इथं माझी पोर एकटी पडणार नाही. अन् मग तुझ्या सोसायटीच्या गेटजवळ रोज सकाळी झाडाखाली जाऊन उभा राहिलो. भाजीवाल्याची हाक ऐकली की वस्तीचा निकाल लावायचा, हा माझा जुना नियम. हाक आलीच नाही. वॉचमननं विचारलं, "आजोबा, कुणाची वाट पाहता?" त्याचा आवाज चांगला भरदार. मी म्हणालो, "तुम्ही परभणीकडचे का?" तो चाट पडला. मी खूश झालो अन् आत येऊन तुला निकाल सांगितला. तू भांडी विसळत होतीस. थांबलीस अन् म्हणालीस, "बरोबर बोललात बाबा. इथं कुणी कुणाशी बोलत नाही." तुझा चेहरा पाहून मला वाटलं, बघा, बाप अजून कामाचा आहे.

आता इकडची बातमी. मागल्या महिन्यात अकोल्याला खुशालरावाकडे गेलो होतो. तुला आठवत असेल, हिवरखेडचा, माझ्यासोबत गाडी लावायचा, आता डाबकी रोडला पोराकडं राहतो. मी गेलो की आम्ही बसस्टँडवर चहा घेऊन बसतो अन् कोण कुठला ते ओळखतो. म्हाताऱ्यांचा जुगार. हरला त्यानं चहा पाजायचा. एक बाई लेकराला कडेवर घेऊन समोर आली, काही बोलली, गेली. खुशालराव म्हणाला, "सांग बे, कुठची?" मी तिच्या लुगड्याकडं, पिशवीकडं पाहिलं अन् ठोकून दिलं, परतवाड्याची. तो हसून हसून चहात खोकला. म्हणाला, "अबे, हिवरखेडची गाडी लागली का म्हणून तुलेच तर इचारून गेली ते! तू मुंडी हालवली, अन् ते बिचारी नागपूरच्या गाडीत जाऊन बसून राहिली." तो उठून तिला उतरवून आला. परत आला तेव्हा हसत नव्हता. "देवीदास," म्हणाला, "तुले ऐकू नाही आलं का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं मला हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं मशीन लावलं, बटण देऊन म्हणाला, आवाज आला की दाबा. मी बराच वेळ बटण धरून बसलो होतो. माझी जाड आवाजाची बाजू शाबूत आहे. ट्रक, गिरणी, खुशालराव, वॉचमन, सारे येतात. बारीक आवाज गेले. पाखरं, लेकरं, बायामाणसं. डॉक्टर म्हणाला, हे एका दिवसात होत नाही. माणूस ओठ पाहून समजून घेत राहतो अन् त्याला वाटतं आपण ऐकतो आहोत. तुझा फोन मी का उचलत नाही, उचलला तर नुसतं 'हो हो' का करतो, नेटवर्क नाही म्हणून मेसेज का टाकतो, हे मला तेव्हा कळलं. कानात ऐकायचं मशीन बसवायला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात बसवतो. तू काळजी करत बसू नको, अन् तेवढ्यासाठी धावत येऊही नको.

हे पत्र मात्र त्यासाठी नाही. फोनवर मला तुझं उत्तर ऐकू आलं नसतं अन् मेसेजमध्ये एवढं मावलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. कर्वेनगरचं टोकन माझ्या शब्दावर देऊ नको. तुला ती गल्ली मनापासून आवडली असेल तर खुशाल घे, मी येऊन तिथं तुझ्याकडे राहीन. वाकड घेतलंस तरी येईन. वाकडला तुला एकटं वाटतं हे तुझं खरं असेल, त्याचा विचार तू अन् रोहितराव मिळून करा, अन् खुशीलाही विचारा. पण ते माझ्या कानानं सिद्ध झालं असं धरू नको. घेण्याआधी दोन्हीकडे संध्याकाळी जाऊन बघ, पायरीवर कोण बसतं. तुझ्या आईनं तेवढंच पाहिलं असतं. अकोल्याहून परतल्यावर मी खुशीला गुपचूप मेसेज करून विचारलं होतं, तुमच्या गेटवर भाजीवाले येतच नाहीत का गं? तिनं लगेच लिहिलं की एक मावशी येतात, रोज सकाळी, इतक्या बारीक आवाजात ओरडतात की पप्पा खिडकी लावून घेतात. दिवाळीत आजोबा त्यांच्याच गाडीकडं पाठ करून उभे असायचे, ती गॅलरीतून पाहायची.

तुझाच,
बाबा