सही करण्याआधी

प्रिय ठमीच्या आईस,

तुझ्या भावाच्या हाती डबा आणि हे पत्र पाठवतोय. वॉर्डात बापांना थांबू देत नाहीत, आणि फोनवर मला हे बोलता येणार नाही. ठमीची मान डावीकडे कलते, तिथे उशी नीट दाबून ठेव.

काल डॉक्टरांनी कागदावर पोट काढून दाखवलं. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालायचे, म्हणजे दूध वर चढून फुप्फुसात जाणार नाही. तू म्हणालीस, "यांना बरोबर कळेल, शर्टांच्या कॉलरी शिवण्यात जन्म गेलाय." डॉक्टरही हसले. मला खरंच कळलं. घट्ट झालं तर खाली उतरायचं नाही, सैल झालं तर पुन्हा सगळं वर. ठमीसारखा मेंदूचा आजार असलेल्या मुलांत हे टाके पुढे सैल पडतात म्हणे. आणि नीट बसले तर उलटी होणार नाही, ढेकरही अवघड. नऊ वर्षांची पोर, दुखतंय एवढंही सांगता येत नाही. तिची उलटी हीच काय ती तक्रार होती.

मग त्यांनी विचारलं, तोंडाने काही देता का? तेही घशातून थेट फुप्फुसात जाऊ शकतं. तू ताठ मानेने म्हणालीस, "नाकात नळी घातल्यापासून वर्षभर थेंब नाही, डॉक्टर. माझ्या घरात कुणाची टाप आहे?" मी खिडकीकडे बघत राहिलो. ते म्हणाले, मग या वर्षात तीनदा आलेला न्यूमोनिया पोटातून वर आलेल्या दुधानेच झालाय, ऑपरेशन करावंच लागेल.

सकाळी तू पाणी भरायला खाली जायचीस, तोवर माझी प्रार्थना आटपलेली असायची. देवापुढच्या वाटीतलं साखर घातलेलं दूध मी तिला चमचाभर द्यायचो. रोज. माझी चाहूल लागली की ती जीभ बाहेर काढायची, गिळून झालं की हसायची. मग थोडी खोकायची, मी पाठ चोळायचो. देवाचं आहे, बाधणार नाही, असंच धरून चाललो होतो. तापातही दिलं, उलट जास्तच श्रद्धेने.

न्यूमोनिया पोटातल्या दुधाने झाला की माझ्या चमच्याने, मला ठाऊक नाही. उद्या सही करण्याआधी हे पत्र डॉक्टरांना दाखव. ते म्हणतील तरीही करायचंच, किंवा म्हणतील थांबून बघू. त्यातलं देवाकडे काय मागावं तेही सुचत नाही. तू मला हवं ते बोल. फक्त तिच्यासमोर नको. तुझा आवाज चढला की ती घाबरून लाकडासारखी ताठ होते.

तुझाच,
ठमीचा बाप