टेलची घंटा

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू, आठवतील तशा — घराची दोन्ही लोखंडी दारं. जिना. हिच्या शिलाई मशीनचं स्टँड. मोनिकाची पहिली सायकल (भंगारातल्या तीन सायकलींची मिळून एक). वर्कशॉपमधला हातदाबाचा प्रेस. गच्चीवरचा सोलर बंब, अजून चालतो. आणि पाण्याची घंटा.

घंटेबद्दल नीट लिहून ठेवायला हवं, लोक काहीही सांगत सुटतात. नळाला पाणी येण्याआधी हवा येते. आठवडाभर कोरडी पडलेली पाइपलाइन — पाणी मागून रेटतं, हवा पुढं पळते. त्या हवेनं पितळी पातं उचलतं, तार जुळते, घंटा वाजते. म्हणजे पाणी यायच्या आधी कळतं! हे मला कुणी शिकवलं नाही. नळाला कान लावून बसलो, कळलं. शिक्षण दहावी. बाकी सगळं मोडून, जोडून, पाहून. आज गल्लीत दगडाबाईचं घर सोडलं तर दारोदार माझी घंटा आहे.

ही यादी काढायला बसलो ते मोनिकामुळं. सकाळी म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढं केलं. पण काय करायचं ते ठरवायचं कोण?"

गिऱ्हाईक, म्हटलं. ती हसली.

बीएचं शेवटचं वर्ष आहे तिचं. पुढच्यासाठी दोन अर्ज भरलेत. एक इथल्याच विद्यापीठात — लोकप्रशासन. दुसरा मुंबईच्या एका संस्थेत — सार्वजनिक धोरण. फरक काय, विचारलं. म्हणे धोरण म्हणजे काय करायचं ते ठरवणं, प्रशासन म्हणजे ते करून दाखवणं. मला तर वाटतं जो करतो तोच ठरवतो. निम्मी निम्मी वाटणी करून कुठली वस्तू झालीय?

७ फेब्रुवारी, बुधवार

'धोरण' हा शब्दच मला पटत नाही. आमच्या फुलंब्रीकडं एखाद्याला 'लई धोरणी माणूस' म्हटलं की ऐकणाऱ्यानं समजायचं — जरा जपून राहा. पोरीनं दोन वर्षं मुंबईत राहून धोरणी होऊन यायचं? शिवाय पेपरात बघावं, धोरण नेहमी 'राबवतात'. मग राबतं कोण?

जेवताना हेच बोललो. मोनिका म्हणाली, "आणि प्रशासन? ते तर पेपरात रोज खडबडून जागं होतं. बाबा, मग झोपतं तरी कधी?"

हिला हसता हसता ठसका लागला, पाणी प्यायला उठली.

तरी प्रशासनच बरं. घराजवळ. पुढं स्पर्धा परीक्षा देता येतात. खुर्ची मिळते. माझं मत मी बदललेलं नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

पाणी आलं! आठव्या दिवशी म्हणाले होते, दहावा उजाडला. जायकवाडी तळाला चाललंय आणि शहर सुटलंय चारी दिशांना. मागच्या माळावर आणखी एक दहा मजली इमारत उभी राहिली, तिथं पहिल्या दिवसापासून टँकर.

घंटा वाजत आल्या — गल्लीच्या तोंडापासून आत, एकामागून एक. कानाला गोड लागतं, खोटं कशाला लिहू. लगोलग मोटारी. माझ्याकडं तर घंटेलाच मोटार जोडलीय : पातं उचललं की मोटार आपोआप सुरू. ही सोय अजून दुसऱ्या कुणाकडं नाही.

थोड्या वेळानं दगडाबाई दारात. काखेत रिकामी घागर. गल्लीतलं शेवटचं घर, एकटी म्हातारी, मोटार नाही.

"सुदर्शन, तुमच्या घंट्या वाजल्या का माझा नळ गप व्हतो बघ."

मी समजावलं — मावशी, घंटा काही पाणी ओढत नाही. घंटेचा आणि तुमच्या नळाचा संबंध नाही.

"व्हय बाबा. तू शिकलेला, तुला ठावं."

मी किती शिकलोय ते तिला चांगलं ठाऊक आहे. टोमणा होता. हिनं घागर भरून दिली.

मोनिका गच्चीवरून सगळं बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "बाबा, घंटा नव्हती तेव्हा कुणाला लवकर कळायचं, कुणाला उशिरा. तोवर पाणी शेवटपर्यंत वाहत जायचं. आता हवा आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम. घंटा बिघडलेली नाही. चांगली वाजते, हाच घोळ आहे."

१९ फेब्रुवारी

मोनिकाशी बोललो नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

दुसऱ्याचं ऐकून मत बदलायची मला सवय नाही. आज पाण्याचा दिवस, म्हणून दगडाबाईच्या नळापाशी जाऊन बसलो. कान लावला. हवा आली — फुस्स. मग लांब, तोंडाकडं, घंटा. दुसरी. तिसरी. मोटारी. आणि हवा थांबली. थांबली ती थांबली, उलटी फिरली! तोटीला बोट लावलं तर नळ बोट चोखत होता. वासरू चोखतं तसं.

दगडाबाई ओट्यावरून बघत होती. चहा दिला. त्या घरात पाणी नसताना चहा!

माझी घंटा निर्दोष आहे. पोरगी बरोबर आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मला नवीन.

३ मार्च, रविवार

घंटा काढून टाकायच्या? कोण काढू देईल! मोनिकाला म्हटलं, तुझ्या धोरणात यावर काय औषध? ती कागद घेऊन बसली. मी वायरचा तुकडा घेऊन बसलो. ही कणीक मळत होती, तिथूनच म्हणाली, "आमच्या चारीवर पाळी टेलपासून असायची."

हिचं माहेर पैठणकडचं. कालव्याच्या चारीवर रान. चारीचं शेवटचं टोक म्हणजे टेल. "टेल भिजल्याबगर वरच्यानं दार उघडायचं नाय. माझे काका टेलला बसून शिट्टी मारायचे, मग वरचे लोक दारं उघडायचे. तवाच टेलच्या विहिरीला पाणी असायचं."

बावीस वर्षांत हे मला कधी सांगितलं नाही! म्हणाली, "तुम्ही कधी इचारलं?"

मग सगळं एका झपाट्यात सुचलं. पातं तोंडाकडच्या नळांना नकोच. दगडाबाईच्या पिंपात एक तरंगता गोळा सोडायचा. पिंप भरलं, गोळा वर आला, की तार जुळून सगळ्या गल्लीच्या घंटा एकदम वाजणार. मग मोटारी लावा. घंटा त्याच. फक्त कुणाच्या सांगण्यावरून वाजायचं, ते बदलायचं.

"बाबा, याला म्हणतात धोरण," मोनिका म्हणाली.

म्हटलं, याला म्हणतात वायरिंग.

पण झोपताना तो शब्द डोक्यात घोळत राहिला.

१० मार्च, रविवार

तात्यासाहेब आले होते. मोटारपंपांचे मोठे डीलर, तालुक्या-तालुक्यात दुकानं. माझी आपोआप सुरू होणारी मोटार कुणीतरी त्यांना सांगितली. पातं काढून हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. "सुदर्शनराव, कुठल्या इंजिनिअरकडून करून घेतलंत?" हा प्रश्न मला आवडतो. उत्तर सावकाश दिलं.

जाताना एक गोष्ट बोलून गेले. रविवारपर्यंत कळवा म्हणाले. ती इथं लिहीत नाही. लिहिली तर पान उघडून वाचत बसेन.

१७ मार्च

तात्यासाहेबांना फोन केला.

२२ मार्च, शुक्रवार

नाक कापलं गेलं.

आठवडाभर वायर ओढली. गोळा पितळेचा, जोड पक्का, गळती नाही. घरोघरच्या नळाची जुनी पाती स्वतः उतरवली. मोनिकानं सगळ्यांना सांगून ठेवलं — टेलची घंटा होईपर्यंत मोटार लावायची नाही. पाणी आलं. गल्ली चिडीचूप. लोक दारात उभे. दगडाबाईच्या नळाला करंगळीएवढी धार लागली. आणि गल्लीत एकच मोटार घुर्रर्र सुरू झाली.

माझी.

सगळ्यांची पाती उतरवली, स्वतःच्याच घरचं राहिलं! पळत गेलो, बटण पाडलं. तोवर बाकीच्यांनी मोटारी लावल्या होत्या. आमच्या भागाचा पाणी सोडणारा लाइनमन कचरू व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून उभाच होता. "काय सुदर्शनभाऊ, कायदा तुमचा आन् पैली मोटारबी तुमचीच! बहोत खूब!"

सगळी गल्ली हसली. दगडाबाईसुद्धा. तिचं हसणं मला सर्वांत जास्त लागलं. आणि तिनंच पुन्हा म्हटलं, "पुढल्या पाण्याला बघू. नळ कुठं पळून चाललाय!"

२३ मार्च

पातं उतरवलं. मोटारीची तारही तोडली.

२१ एप्रिल, रविवार

दोन पाणी नीट गेली, तिसऱ्याला पुन्हा कुणीतरी आधीच मोटार लावली. मी म्हटलं, घंटेला कुलूप बसवतो, म्हणजे घंटा झाल्याशिवाय मोटारीला करंटच नाही. मोनिका नाही म्हणाली. "लोक कुलूप तोडतील बाबा, आणि तुम्ही मोठं कुलूप कराल. मला घरोघर जाऊ द्या."

मी लांबून ऐकत होतो. एकजण म्हणाला, "आम्ही पाणीपट्टी भरतो, म्हातारीची वाट का बघायची?" दुसरी म्हणाली, "माझ्याकडं पाहुणे आहेत." मी असतो तर भांडलो असतो. मोनिकानं वाद घातलाच नाही. एवढंच ठरवून घेतलं — दर पाण्याला एका घरातल्या एकानं टेलला बसायचं, दगडाबाईच्या ओट्यावर. गोळा वर येईपर्यंत तोटीला बोट लावून.

आज ते 'पाणीपट्टी भरतो' म्हणणारे बसले होते. मधेच कुठं तरी मोटार लागली आणि नळानं त्यांचं बोट ओढलं. उठून गल्लीत ओरडत गेले — "कोण आहे रे तो! बंद कर आधी!"

मोनिका माझ्याकडं बघून हसली. मीही हसलो, पण मान वळवून.

१२ मे, रविवार

टँकर वाढलेत, पाणी आता लांबतच चाललंय. पण आलं की शेवटापासून मिळतं. आज टेलची घंटा झाली आणि सगळ्या घरांतून एकदम आवाज — आधी एकामागून एक यायचा, आता एकदम. हाही आवाज चांगला आहे. दगडाबाईनं दारात सडा टाकला! थोडासाच, ओंजळभर. कचरूनं विचारलं, पलीकडच्या गल्लीला असंच जमेल का? म्हटलं, वायर मी देतो, नियम मोनिकाकडून घे.

ऐकलं का मी काय बोललो ते! वायर आणि नियम वेगळे केले.

९ जून, रविवार

मुंबईहून कळवलं — निवड झाली. इथल्या यादीतही नाव लागलंय. मुंबईची दोन वर्षं, राहणं-खाणं धरून सव्वासात लाख. कागद वाचून घडी करून ठेवला.

जेवणं झाल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, मोनिका, तू मुंबईला जा. धोरणच शिक. घंटा माझी चांगलीच होती, पण ती कुणासाठी वाजावी हे मला दहावीत कुणी शिकवलं नाही आणि पुढं मी विचारलं नाही. ते शिकवणारी शाळा असेल तर जायलाच हवं. पैशाचं मी बघतो. आयुष्यात कर्ज काढलं नाही, आता काढू.

तिनं तो कागद उघडला, परत घडी घातली. मग म्हणाली, "मी इथं प्रवेश घेतेय. लोकप्रशासनाला."

मला वाटलंच. आवाज चढला — पैशापायी म्हणत असशील तर आत्ताच सांग!

"बाबा, ऐका तर. टेलपासून सुरू करायचं, हे आईच्या एका वाक्यात ठरलं. कणीक मळता मळता. आणि ते गल्लीनं पाळायला दोन महिने लागले. तुम्ही एका झपाट्यात वायर ओढली, तरी सगळ्यात आधी मोटार कुणाची लागली?"

"माझी."

"ते दोन महिने मला शिकायचेत. आपल्या गावात चांगल्या धोरणांचा काही दुष्काळ नाही. ती शेवटच्या नळाला पोचत नाहीत."

म्हटलं, पण प्रशासन झोपलेलं असतं ना?

"म्हणून तर जातेय. घंटा करणाऱ्याची पोरगी आहे मी."

ही भांडी घासता घासता म्हणाली, "दोघं आता उलटं भांडताय. फेब्रुवारीत हा बाप प्रशासन म्हणत होता."

खरंय. बदललं मत. इथं नोंद करून ठेवतो.

१० जून

तरी चैन पडेना. सकाळी पुन्हा विचारलं, समजा आत्ता सगळे पैसे टेबलावर असते तर? वेणी घालता घालता म्हणाली, "तर मुंबईला जाऊन दोन वर्षांनी इथंच आले असते. बाबा, डबा कसा नेऊ, पिशवीत का सॅकमध्ये?"

आता पुरे. विश्वास ठेवायचा.

८ जुलै, सोमवार

मोनिकाचा विद्यापीठातला पहिला दिवस. डब्याला नवीन कडी करून दिली. स्टीलची, आवाज न करणारी. पलीकडच्या गल्लीचा गोळा आज बसवला.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, हिलाही नाही. मार्चमध्ये तात्यासाहेबांना ती आपोआप मोटार लावणारी घंटा हवी होती — नमुना आणि कायमचा हक्क, दुकानादुकानातून विकायला. म्हणजे गावोगावचा शेवटचा नळ बोट चोखत बसला असता. मी नाही म्हटलं. तेव्हा मुंबईचं काहीच कळलेलं नव्हतं. ते एकरकमी देणार होते. आठ लाख.