रेघेबाहेरचा रंग

प्रिय बारक्या,

तुला आता बारक्या म्हटलेलं आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्या ऑफिसात तुला साहेब म्हणत असतील. पण माझ्या लेखी तू अजून स्टुलावर चढल्याशिवाय बोर्डापर्यंत न पोचणाराच आहेस, त्याला माझा इलाज नाही. फोन करायचा सोडून लिहीत बसलेय, कारण फोनवर अण्णांचं नाव निघालं की तुला लगेच काम आठवतं. पत्राला ‘ठेवतो आता’ म्हणता येत नाही.

आधी बातमी सांगते. आपल्या दुकानाचा बोर्ड गेला. इमारतीच्या दर्शनी भिंतीचं काम निघालं, गवंड्यांनी बोर्ड उतरवला आणि आडवा टाकून त्याच्यावरच सिमेंट कालवलं. मी दुकान उघडायला पोचेपर्यंत फावड्यानं खरवडून अर्ध्या अक्षरांखालचा पत्रा उघडा पडला होता. मी मुकादमाशी इतकी भांडले की शेजारचा चष्मेवाला मध्ये पडला. अण्णा मात्र, पत्राच तो, कधीतरी जाणारच होता, एवढंच म्हणाले. दुपारी आईनं वाढलेलं ताट तसंच परत गेलं.

सगळ्या बाजाराचे बोर्ड करणारं आपलं दुकान बिनबोर्डाचं, म्हणून गिऱ्हाइकं हसतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी ठरवलं, नवा बोर्ड करायचा तर त्याच अक्षरांत. आपल्याकडे त्याचा एकच फोटो आहे, बोर्ड लागल्यावर बऱ्याच वर्षांनी काढलेला. अण्णा ठेवणीतला शर्ट घालून बोर्डाखाली उभे आहेत आणि कडेला तुझं नुसतं कोपर आलंय, कारण तू रुसून बाजूला झाला होतास. तो फोटो मी कॉम्प्युटरवर घेतला आणि तिथून माझी वरात सुरू झाली.

तू गेल्यावर दुकानात अक्षरं कापणारं कटिंग मशीन आलं, हे आईनं सांगितलं असेल. ब्रशचं काम आता कुणी मागत नाही. या मशीनला फोटो कळत नाही. फोटो म्हणजे बारीक ठिपके, मोठा केला की अक्षराच्या कडा जिन्यासारख्या दिसायला लागतात. मशीनला लागते रेघ, कितीही ताणली तरी न फाटणारी. ठिपक्यांच्या रेघा करून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात, आणि त्यांतलं कुठलं घ्यावं यावर मी घरच्यांचं डोकं खाल्लं. एक फुकटातलं होतं. त्यानं गंजाचे डाग, माश्यांची घाण, सगळं इमानदारीनं रेघेत उतरवलं. एक महागडं, आधी वापरून बघा म्हणणारं. एक बटण दाबलं की अक्षरं अशी गुळगुळीत की मशीन विकणारा म्हणाला, ताई, डोळे मिटून हेच घ्या. देखणी होती, पण ती अण्णांची वाटेनात. तिसरं दिसायला जुनाट. त्यात किती छटा वेगळ्या काढायच्या, कुठला कोपरा ठेवायचा, कुठला घासायचा, सगळं आपणच ठरवायचं. माझा जीव मेटाकुटीला आला.

पण त्या तिसऱ्यात मी छटा वाढवत गेले तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. प्रत्येक अक्षराच्या आत आणखी एक अक्षर होतं. आतलं बारीक आणि गडद, त्याच्याभोवती फिकट पट्टा. म्हणजे आत रंगाचे दोन हात दिलेले आणि पट्ट्यावर एकच, तो उन्हानं आधी उडाला. मी चक्रावलेच. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी अण्णा कधी एका हातावर थांबले नाहीत, आणि स्वतःच्या बोर्डावर थांबले? फक्त शेवटच्या अक्षराच्या पोटापाशी पट्टा नव्हता. तिथं गडद रंगच फुगून थेट बाहेरच्या कडेपर्यंत गेला होता. फुकटातल्यानं त्या फुगवट्याची करवत केली होती आणि महागड्यानं तो चूक समजून पुसूनच टाकला होता.

तिन्ही सॉफ्टवेअरांतून ते शेवटचं अक्षर, पट्टा सोडून गडद तेवढंच, मी जाड अॅक्रिलिकमध्ये कापलं आणि अण्णांच्या हातात दिलं. हातात, कारण त्यांना आता दिसत नाही. आईनं तुला नजर अधू झालीय एवढंच सांगितलं असणार. काचबिंदू आहे. एका डोळ्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि दुसऱ्याचं आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. खिडकी उघडी आहे की बंद, तेवढं कळतं. कुणाजवळ बोलायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी, तुला तर मुळीच नाही. ती मी आज मोडतेय.

तर, पहिल्या अक्षरावर बोट फिरवून म्हणाले, याला खरूज झालीय. गुळगुळीत अक्षर हातात घेतलं आणि म्हणाले, हे न्हाव्याकडून आलंय, आपल्या घरातलं नाही. आई तोंडाला पदर लावून हसत होती. मग तिसरं दिलं. बोट पोटाच्या गोलाईवरून खाली आलं आणि फुगवट्यापाशी थांबलं. मग म्हणाले, “इथं तो स्टुलावरून वाकला होता.”

आपली पद्धत तुला वेगळी सांगायला नको. मोठ्यानं रेघ मारायची, धाकट्यानं आत रंग भरायचा. अण्णांनी मग सगळं सांगितलं: त्या बोर्डावर तुझ्या हातात पहिल्यांदा ब्रश दिला होता, तू आठ-नऊ वर्षांचा असशील. तू सगळी अक्षरं भरलीस, वर दुसरा हातही दिलास, आणि अगदी शेवटी तोल जाऊन भरलेला ब्रश टेकला आणि रंग थापल्यासारखा जाड रेघेबाहेर गेला. तुला ते कळलंसुद्धा नाही. तू उड्या मारत आईला दाखवायला घरी पळालास आणि तिनं तुला जेवायला बसवलं. अण्णांनी चिंधीला टर्पेंटाइन लावलं होतं. पण पुसलं तर तू विचारणार. म्हणून त्यांनी चिंधी ठेवली, ब्रश घेतला आणि बाकी सगळीकडे अक्षरं तुझ्या त्या फुगवट्याइतकी जाड करून टाकली. दुसरा हात द्यायच्या आत तू आणि आई कोपऱ्यावर दिसलात. आई म्हणते, तिला तेव्हाच बोर्ड जरा लठ्ठ वाटला होता, पण उन्हातून आल्यामुळे असेल म्हणून ती गप्प बसली.

आणि याच अण्णांनी पुढे भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर तुला ऐकवलं की तुझा हात रेघेत राहत नाही, तू दुसरं काम बघ. तू ब्रश तसाच डब्यात टाकलास आणि खरंच दुसरं काम बघितलंस. त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेलं मी ऐकलेलं नाही. मी त्यांना सरळ विचारलं, तो रुसून गेला तेव्हा हे का नाही सांगितलं? ते अक्षर मांडीवर ठेवून बसले होते. म्हणाले, “वाटलं, राग उतरला की येईल. आल्यावर सांगू.” अरे, मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं की मी उठून दुकानाच्या मागं जाऊन उभी राहिले. तुझाही राग आला. एकासारखा एक अडेलतट्टू.

सॉफ्टवेअर मी तिसरंच घेतलं. नवा पत्रा आलाय, पांढऱ्याचे दोन्ही हात देऊन वाळलाय. मशीन अख्खी अक्षरं कापून चिकटवायला देऊ शकतं, पण अण्णांनी नको म्हटलं. मशीनला पेन्सिल लावून नुसती रेघ मारून घेतलीय, तुझ्या फुगवट्यासकट. आत सगळं कोरं आहे. रेघ झाली, आता भरायला त्याला बोलाव, असा त्यांचा निरोप आहे, आणि तो पोचवायलाच हे एवढं लिहिलं. तुझा ब्रश मी धुऊन ठेवलाय. हे तुला दोन-तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर त्यांनी तुला डोळे भरून बघितलं असतं, हे माझ्या मनातून जात नाही. या वेळी तू रेघेत राहिलास काय आणि बाहेर गेलास काय, त्यांना दिसणार नाही. ते शेजारी खुर्ची टाकून बसणार आहेत, तुझ्या ब्रशचा आवाज ऐकायला.

तुझीच,
ताई