काढलेले

३ मार्च, मंगळवार

उघडतच नाही! सकाळपासून तेच चाललंय. मेलचा प्रोग्रॅम सुरू होतो, यादी दिसते, यांच्या सगळ्या जुन्या मेल ओळीने उभ्या. आणि एखादी उघडायला जावं तर मधोमध पाटी येते — "फाइलने कमाल आकार गाठला आहे. जागा मोकळी करा." खाली बटण एकच, ‘ठीक आहे’. मी मुकाट्याने तेच दाबते. ठीक काहीही नाही!

यांना बोलायला शिकवायला येते तिचं नाव मी मनात बोलबाई ठेवलंय. काल जाताना ती म्हणाली, "यांचं जुनं एखादं रेकॉर्डिंग आहे का हो? स्वतःच्या आवाजातली रोजची वाक्यं ऐकली की कधी कधी शब्द सुटतात. खात्री नाही देत मी. पण व्हायचं ते पहिल्या काही महिन्यांतच होतं."

मेंदूला झटका आल्यापासून यांच्याजवळ एकच अक्षर उरलंय. ता. चष्मा हवा — ता. खिडकी लाव — ता. माझा राग आला तरी ता, फक्त मोठ्याने. आणि हा माणूस असा की कुणाच्याही लग्नात भटकंतीचे किस्से सांगताना जेवण गार व्हायचं, पण यांचं तोंड मिटायचं नाही.

रेकॉर्डिंग आहे की! हे बोटीवर इंजिनिअर होते. टाइप करायचा भयंकर आळस, म्हणून बोलून रेकॉर्ड करायचे आणि मेलला जोडून पाठवायचे. वर्षानुवर्षं. त्यानेच तर ती फाइल फुगली. घरी आल्यावरचं बोलणं मात्र कुणीच साठवलं नाही. समोर बसलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग कोण करतं!

४ मार्च, बुधवार

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. वायर काढून घातली. पडदाही पुसला — म्हटलं, कुठे काय अडलं असेल सांगता येत नाही. जाहिरातींच्या मेल उडवाव्यात तर धीर होईना, भलतंच काही उडायचं.

पाटी आहे तिथेच.

६ मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन. ती नर्स, तिकडे वॉर्डात धावपळ, इकडे माझं रडगाणं. "आई, फाइल काठोकाठ भरलीय, कधी मान टाकेल सांगता येत नाही. आधी बाबांच्या मेल काढून ठेव. बाकीचं रविवारी बघू." मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद.

काढून ठेव. बरं. कुठे, ते सांगायचं राहिलं.

७ मार्च, शनिवार

जागा सापडली! यादीच्या डाव्या बाजूला कप्पे आहेत. ‘आलेले’, ‘पाठवलेले’ आणि — ‘काढलेले’! डोळ्यांसमोर होतं आणि मी गावभर शोधतेय. ही मराठी नावं लेकीनेच मला करून दिली होती. गावाला जायचे कपडे आपण आदल्या दिवशी काढून ठेवतो, तसंच हे. यांच्या मेल एकेक धरून ओढल्या आणि त्या कप्प्यात नेऊन टाकल्या. मान आखडली, पण एकही मागे ठेवली नाही.

प्रोग्रॅम बंद करताना त्याने विचारलं, "‘काढलेले’ रिकामे करून जागा मोकळी करायची का?" जागा मोकळी! मंगळवारपासून तीच तर मागतोय मेला. ‘हो’ दाबलं. मला वाटलं, आता हा तिथल्या मेल उचलून कुठेतरी नीट नेऊन ठेवील.

यांना जाऊन सांगितलं, "तुमचा आवाज काढून ठेवला बरं का!" हे म्हणाले, ता. मी किती खुशीत होते!

८ मार्च, रविवार

"काढलेले म्हणजे डिलीट केलेले गं, आई!"

मग तसं लिहायचं ना! फेकलेले! उडवलेले! मी फोनवर ओरडले. "तूच म्हणालीस काढून ठेव!" "पेन ड्राइव्हवर गं! मला वाटलं तुला कळेल." "पेन ड्राइव्हचं नावसुद्धा घेतलं नव्हतंस." मग ती रडायला लागली, मग मी. हे खुर्चीतून आळीपाळीने माझ्याकडे आणि फोनकडे बघत होते. यांना किती कळतं ते मला कळत नाही. आज तर अजिबात काही कळू नये असं वाटत होतं.

शेवटी लेक म्हणाली, "आता काही दाबू नकोस. काही म्हणजे काही."

९ मार्च, सोमवार

बोलबाईने विचारलं, "मिळालं का रेकॉर्डिंग?" मी म्हटलं, शोधतेय. तिने किल्लीचं चित्र धरलं. "काय हे? कि... कि..." हे म्हणाले, ता. तिने पुन्हा धरलं. यांनी चित्र हाताने उडवून दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ती चित्र उचलून शांतपणे पिशवीत ठेवत होती, आणि मला काय करावं ते सुचेना. काहीच करता येत नाही मला! यांच्यासाठी एक धड काम करायचं होतं, त्याचीही माती केली.

प्रत्येक रेकॉर्डिंगची सुरुवात एकच असायची. "हॅलो, ऐकू येतंय का?" रेकॉर्डिंगमध्ये विचारायचे! आणि मीही शहाणी, कॉम्प्युटरसमोर बसून मोठ्याने "येतंय!" म्हणायची. लेक हसून लोळायची. "आई, बाबा तिकडे आत्ता घोरत असतील."

१० मार्च, मंगळवार

काही दाबलं नाही.

११ मार्च, बुधवार

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येऊन गेला. काहीही विचारलं की "हं." घरात एक ता होताच, आता हा हं.

बराच वेळ बघून म्हणाला, "फाइलचा आकार तेवढाच आहे."

"तीच तर तक्रार आहे! एवढं गेलं आणि मेली तसूभर कमी होत नाही."

"बरं झालं. यादीतली नावं गेली, सामान अजून आत पडलेलं असेल. फाइल आवळली असती, तर तेही गेलं असतं." ‘फाइल आवळा’ असं एक बटण आहे. शनिवारी माझं बोट त्याच्यावर जाऊन आलं होतं. आठवून घाम फुटला.

"मिळेल का मग?"

"हं. तुकडे निघतील. निघाले तर." फाइलची नक्कल घेऊन गेला.

१३ मार्च, शुक्रवार

त्याला फोन केला. "चालू आहे." उद्या करू का? "मीच करतो." माझा त्रास होतोय त्याला. होऊ दे.

१५ मार्च, रविवार

आला. चेहऱ्यावरूनच कळलं. बाकी सगळी रेकॉर्डिंग फुटलेली, नुसती खरखर. एकाचं तेवढं टोक निघालं, तेही सुरुवातीचंच. त्याच्यासमोरच मला रडू फुटलं. तो बिचारा दारात चपला घालायच्या की नाही, अशा विचारात उभा.

बोलबाईला वाक्यं हवी होती. जेवलीस का, दार लाव, उद्या येतो. हे एवढंसं घेऊन ती काय करणार?

१६ मार्च, सोमवार

तरी लावलं. बोलबाई शेजारी, हे खुर्चीत, तोंड भिंतीकडे. इंजिनाची घरघर, मग यांचा आवाज — "हॅलो, ऐकू येतंय का?" आणि संपलं. सवयीने मी तोंड उघडलं होतं.

मी बोलायच्या आधीच हे म्हणाले, "येतंय."